कीथ मून हेरॉइनने गेला नाही हो

ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की द हू या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर कीथ मून हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. चूक आहे. ७ सप्टेंबर १९७८ ला लंडनच्या मेफेअरमधल्या फ्लॅटमध्ये तो गेला ते हेमिनेव्हरिन नावाच्या गोळ्यांनी, आणि या गोळ्या डॉक्टरनेच दिलेल्या, दारू सोडताना जो त्रास होतो त्याच्यासाठी! म्हणजे गडी दारू सुटावी म्हणून धडपडत होता आणि औषधानेच घात केला. पोटात ३२ गोळ्या सापडल्या, त्यातल्या २६ तर विरघळल्याही नव्हत्या, जीव जायला ६ पुरल्या. वयही ३२च.

आता तो संत होता असं माझं म्हणणं नाही, दारू, ड्रग्ज, हॉटेलच्या टॉयलेटमध्ये फटाके, सगळं खरंय. पण या भानगडींच्या नादात त्याचं वाजवणं राहूनच जातं राव. बाकीचे ड्रमर हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) टिक-टिक करत ताल धरायचे, हा बाबा बऱ्याचदा हाय-हॅटला हातच लावायचा नाही, पायाने वाजवायचे दोन-दोन मोठे बेस ड्रम आणि टॉमच्या, म्हणजे छोट्या-मोठ्या ड्रमच्या, रांगेवर नुसता धबधबा, गाणाऱ्याच्या ओळीमागे धावल्यासारखा. बेशिस्त वाटतं ना? मग हे बघा, लाइव्ह शोमध्ये सिंथेसायझरची टेप लावलेली असायची, ती कुणासाठी थांबत नाही, आणि हा कानाला हेडफोन लावून तिच्याबरोबर बरोब्बर वाजवायचा.

तेव्हा फॉरवर्ड पुढे ढकलायचाच असेल तर निदान हेरॉइन तेवढं खोडा.