आधी आत्याला फोन उचलता येऊ दे

आज सकाळी भाच्याने घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. जाता जाता निरोप, ‘ज्यांना प्रायव्हसीची किंमत आहे त्यांनी नव्या ॲपवर यावं.’ अरे, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्या बायका आहेत त्या ग्रुपवर!

चरईतली आमची आत्या ८२ वर्षांची. दिवाळीत यानेच तिच्या फोनवर ते ‘सुरक्षित’ ॲप टाकलं आणि गेला पुण्याला. पाडव्याला नवी साडी नेसून, फोन समोर ठेवून ती बसलेली. मेलबर्नहून लेक फोन करतेय आणि इथे काही वाजतच नाही. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती द्यायला साहेब विसरले. कॉल सुरक्षित होता म्हणे. असणारच, कुणालाच ऐकू आला नाही!

आणि व्हॉट्सॲप म्हणजे चव्हाटा? राजा, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मजकूर कुणालाच वाचता येत नाही अशी सोय, २०१६ पासून आहे, तीही सिग्नल ॲपच्याच पद्धतीची. तुझ्या लाडक्या टेलिग्रामच्या साध्या चॅटला ती नाही. सीक्रेट चॅट वेगळं उघडावं लागतं, ग्रुपला तर ती सोयच नाही. व्हॉट्सॲप मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं आहे, मजकूर नाही तरी कोण कुणाशी बोलतं ते त्यांना कळतं, मान्य. सिग्नल चांगलं आहे, माझ्याही फोनमध्ये आहे. पण तिथे माझ्या ओळखीचं आहे कोण?

व्हिडिओ कॉलचं तर बोलायलाच नको. झूमची फुकटातली मीटिंग ४० मिनिटांत संपते, तेवढ्यात आमच्याकडे सगळ्यांचे कॅमेरेसुद्धा सुरू होत नाहीत. गूगल मीटची लिंक पाठवली तर आत्या विचारते, ‘‘दाबू का रे? अनोळखी लिंक दाबू नका म्हणतात ना पोलीस?’’ बरोबरच आहे तिचं! पाडव्याला शेवटी लेकीने साधा आयएसडी लावला. चेहरा नाही दिसला, पण आत्याने उचलला तरी.

पोरगा वाईट नाही. अख्ख्या घरात या गोष्टींची काळजी करणारा तोच एकटा.

तर ऐक. व्हॉट्सॲपचा बॅकअप, म्हणजे चॅटची साठवलेली प्रत, आपोआप तशी एन्क्रिप्ट होत नाही, ते सेटिंग २०२१ मध्ये आलंय आणि स्वतः चालू करावं लागतं. रविवारी ठाण्याला ये आणि आत्याआजीच्या फोनवर तेवढं करून दे. पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पोथीत ठेव. कागदावर लिहू नये म्हणतात, पण त्या पोथीला हात लावायची हिंमत कुणाची आहे? मग गुपचूप ग्रुपवर परत ये. कुणी काही बोलणार नाही. ताई सोडून.