तारीख कापून फोटो फिरवणाऱ्यांनो

परत सुरू झालं. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर आलं की दर डिसेंबरात हेच. सकाळपासून फोन थांबायला तयार नाही. पुण्याहून मावसभाऊ विचारतोय, कोल्हापुरातून मित्र विचारतोय, "येळ्ळुरात पोलीस घुसले म्हणे, घराघरातून ओढून मारतायत, खरं काय?" अरे काहीही झालेलं नाही. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात आज भाताची मळणी चालू आहे. तुम्हाला आलेला फोटो २०१४ च्या जुलैचा आहे. जरा डोळे उघडून बघा की त्यात! पायाखाली घोट्याएवढा चिखल आहे, मागं पत्र्यावरनं पाणी गळतंय, पोलिसांच्या अंगात रेनकोट आहेत. डिसेंबरात बेळगावात असा पाऊस कुणी बघितलाय?

मला कळतं, कारण तो फोटो मी काढलाय.

त्यावर माझं नाव होतं, गावाचं नाव होतं, तारीख होती. कुणीतरी खालची पट्टी कापली आणि वर लाल अक्षरात "आत्ताची बातमी" लिहिलं. कालपासून तो हजारो फोनमधनं फिरतोय. मी कुणाला सांगायला गेलो की ऐकायला मिळतं, "पण फाइलच्या नावातच कालची तारीख आहे की!" ती तारीख फोटो काढल्याची नव्हे रे बाबांनो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ज्या दिवशी तुमच्या फोनमध्ये उतरतो त्या दिवसाची तारीख त्या नावात पडते. कॅमेरा फोटोच्या पोटात तारीख, वेळ, लेन्स सगळं नोंदवून ठेवतो, पण फोटो असा पाठवला की ती नोंद गळून पडते. म्हणजे खरी तारीख गेली आणि खोटी चिकटली. आणि तीच खोटी तारीख पुरावा म्हणून माझ्याच तोंडावर फेकतात!

आता मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो ते सांगतो. आमचा सीमाप्रश्न, बेळगाव महाराष्ट्रात यावं हा, खरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, तेव्हापासून इथली मराठी माणसं तो दिवस काळा दिन पाळतात. १९६६ ला या वादावर महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळ्या झाडल्या, माणसं गेली, हिंडलग्यात त्यांचं स्मारक आहे. २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक कोर्टाच्या आदेशावर बोट ठेवून पाडला, लोकांनी परत उभा केला, परत पाडला आणि मग लोकांना घरात शिरून झोडपलं. हे सगळं घडलंय. त्याला खोट्या तारखेची गरज काय? २०१४ चा फोटो २०१४ चा म्हणून दाखवा, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तो आजचा म्हणून फिरवलात की संध्याकाळी एखादा चॅनेलवाला त्याच फोटोवर फुली मारून 'फेक' लिहितो आणि दाखवतो. झालं! ज्याच्या पाठीवर खरोखर काठीचे वळ उठले होते तो माणूस आता येळ्ळुरात बसून स्वतःचा मार खोटा ठरलेला बघतोय. हे काम शत्रूनं केलेलं नाही. आपल्याच बाजूच्या, आपल्याच प्रेमापोटी फॉरवर्ड करणाऱ्या लोकांनी केलंय.

आणि नुसती तारीखच कापत नाहीत. एका मोर्चाच्या दिवशी गणपत गल्लीत धावपळ झाली, तेव्हाचा माझा एक फोटो आहे. डावीकडं एक पोलीस काठी उगारून उभा. उजवीकडं दुसरा पोलीस, खाली पडलेल्या धोतरवाल्या म्हाताऱ्याच्या बगलेत हात घालून त्याला उठवतोय, म्हाताऱ्याची टोपी त्यानं स्वतःच्या काखेत धरलीय. दोघांच्या मधे, पाठीमागं, चहाच्या टपरीजवळ एक पोरगा उभा आहे, हातात चहाची किटली, तोंड उघडं, घाबरलेलं. फोटो म्हणजे हे सगळं मिळून. त्या गल्लीत त्या क्षणी हे सगळं एकदम चाललं होतं म्हणून मी रुंद लेन्सनं काढला, नाहीतर काठी एकटी काढायला मलाही येत होती.

मराठी ग्रुपांनी डावा तुकडा उचलला, नुसती काठी. कन्नड ग्रुपांनी मधला तुकडा उचलला, पोराच्या तोंडाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, दगड मारणारा हाच. किटली कापून टाकली होती. उजवा तुकडा, टोपी काखेत धरलेला तो पोलीस, कुणालाच नको होता. एका माणसानं तो पाठवलेला मी बघितला नाही.

त्या पोराला दोन दिवसांनी ठाण्यात बोलावलं. त्याची आई माझ्या दारात आली. मला ती विसरता येत नाही. रडत नव्हती, चिडली होती. "अण्णा, फोटो तुम्ही काढलासा न्हवं? मग तुम्हीच सांगा की त्यास्नी, माझ्या पोराच्या हातात काय होतं ते." मी लॅपटॉप उचलला आणि गेलो. तिथं मूळ फोटो दाखवला, त्याच्या आधीचे, नंतरचे, सगळे वेळेसकट दाखवले. सगळ्यात किटली. पोरगा सुटला. पण लाल वर्तुळ अजून फिरतंय, गेल्या वर्षी परत आलं होतं. ज्यानं काढलं त्याला कुणी बोलावलं? ज्यांनी पुढं ढकललं त्यांतल्या एकाला तरी झोप लागली नसेल?

"एक फोटो पाठवल्यानं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी २०२१ चा डिसेंबर आठवावा. १३ तारखेला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो मैदानावर, अधिवेशनाविरुद्धच्या मराठी महामेळाव्याच्या जागी, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्याच्या तोंडाला काळं फासलं. ते चित्र फोनांवर गेलं. कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळला, ते चित्र बंगळुरात गेलं. बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली, ते चित्र इकडं आलं आणि रात्रीत बेळगावात गाड्या फुटल्या. अनगोळात कित्तूरचे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा फोडला. आठवड्याच्या आत एवढं. जमावबंदी कुठं लागली? आमच्याकडं. दुकानं कुणाची बंद राहिली? खडेबाजारातली. बंगळूरच्या आणि मुंबईच्या सोफ्यावर बसून ज्यांनी बोटं चालवली त्यांच्या घरचं दूध एक दिवसही चुकलं नाही.

बसचंही तसंच. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकच्या बसमधल्या कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राची एसटी अडवून चालकाला काळं फासलं, मग दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. चंदगडहून दवाखान्यासाठी बेळगावला येणारी बाई औषधांची पिशवी घेऊन वाटेत अडकते, तिला तुमच्या अस्मितेचं काय करायचं आहे? त्या दिवसांत २०२२ चे हिरेबागेवाडी टोलनाक्यावरचे, दगडफेक झालेल्या महाराष्ट्राच्या ट्रकांचे फोटो नव्यानं बाहेर काढून "आज सकाळी" म्हणून फिरवणारे कोण होते? घाबरून ट्रक न काढलेले ड्रायव्हर मला भेटलेत. त्यांची दिवसाची रोजी त्या एका खोट्या ओळीनं बुडाली.

मोठ्या पेपरांचं, चॅनेलांचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलतो. डेस्कवरून फोन येतो, "बेळगाव तापलंय ना? काही पेटलेलं आहे का?" चन्नम्मा चौकात दोन टायर जळत असतील आणि चार पोरं ओरडत असतील तर लांब लेन्स लावून खाली बसलं की माणसं एकमेकांना चिकटून दिसतात, धूर आकाशभर दिसतो. तो फोटो त्यांना लगेच हवा असतो. मी म्हणतो, चौक बाकी रिकामा आहे, पलीकडं रिक्षा चालू आहेत, तसा काढून पाठवतो. तो नको. हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडतायत. त्यात मराठी आहेत, कन्नड आहेत, जेसीबीसमोर उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. तो फोटो मी किती जणांना पाठवला! "यात सीमाप्रश्न कुठं आहे?" असं उत्तर आलं. इथल्या माणसाची जमीन जाते हा प्रश्न यांना सीमेवरचा वाटत नाही.

आणि मग माझाच जुना फोटो न विचारता छापतात. नाव नाही. 'संग्रहित' एवढा एक शब्द छापायला जीव जातो यांचा. त्या एका शब्दानं वाचणाऱ्याला कळतं की हे आजचं नाही, पण तो काढून टाकतात, कारण मग बातमी शिळी वाटते. मानधन मागायला गेलं की महिनोन्महिने "अकाउंट्सकडं पाठवलंय". १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की कुणी पैसे देऊन काढून घेतलेला नसेल आणि पगारी नोकरीतला नसेल, तर फोटोचा मालक तो काढणारा. त्याच कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की काम मोडतोड करून वापरलं आणि त्यात करणाऱ्याची नाचक्की झाली तर त्याला दाद मागता येते. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात वृत्तछायाचित्रकार पत्रकार म्हणून धरलेला होता. कागदावर आम्ही आहोत. पेपरच्या पानावर नाही.

रस्त्यावर उभं राहिलं की प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच. पोलीस विचारणार, "येन्री, याव पेपर?" मराठी पेपरचं नाव सांगितलं की मागं ढकलणार. आपली पोरं विचारणार, "अण्णा, कन्नड चॅनेलला देणार नाहीस न्हवं?" आणि कॅमेऱ्यावर हात टाकणार. कन्नड संघटनेची पोरं गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून आडनाव वाचणार. मी मराठी आहे. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, १७ जानेवारीला, माझ्या घरातलं माणूस फुलं घेऊन जातं. मला त्याची लाज नाही आणि ते लपवायचंही नाही. पण शटर दाबताना समोर जे आहे तेच येणार. आपल्या पोरानं दगड उचलला तर तो येणार, त्यांच्या पोलिसानं म्हाताऱ्याला उठवलं तर तेही येणार. तसं नसेल तर मी पोलिसाच्या काठीचा काढलेला फोटो तरी कुणी का खरा मानावा?

म्हणून स्पष्ट सांगतो. फोटो आला आणि त्यावर तारीख, गाव, काढणाऱ्याचं नाव नसेल तर पुढं पाठवू नका. "मला आला म्हणून पाठवला" हे कारण मला सांगू नका, ऐकून कान किटलेत. शंका असेल तर विचारा. बेळगावात प्रेस फोटोग्राफर किती ते सगळ्यांना माहीत आहे, आमचे नंबर प्रत्येक पेपरच्या कचेरीत मिळतात. माझ्याकडं मूळ फोटो आहेत, वेळेसकट, न कापलेले. मराठी माणसानं मागितला तर देईन, कन्नड माणसानं मागितला तर देईन, पैसे नसतील तर फुकट देईन. पण इथून पुढं कुणी माझा फोटो कापून एखाद्या पोराच्या तोंडाभोवती वर्तुळ काढलं, तर त्याचा नंबर शोधून काढीन, रीतसर तक्रार देईन आणि त्या पोराच्या आईला सोबत घेऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहीन. काय सांगायचं ते तिला सांगा.