श्रद्धेची साक्ष रोजच्या कामातही असते

'वॉन्लेस, रमाबाई यांच्यासारखी माणसं गेली आणि ख्रिस्ती सेवेचा काळ संपला,' हे ख्रिस्ती सेवेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, पण ते चाललं परिचारिका, आया आणि स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हातांवर. पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे छपाईचे खिळे तिथल्याच बायकामुलींनी जुळवले. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, एवढ्यावरून त्यांची सेवा दुय्यम कशी ठरते?

माझी मावशी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. ज्याचं कुणी नाही अशा रुग्णाचं अंग पुसणं, नखं कापणं, आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला भरवणं हे ती ड्युटी संपल्यावर थांबून करायची. येशूचं नाव तिने कुणापुढे पुढे केलं नाही. कुणी विचारलं, 'बाई, एवढं का करता?' तरच ती बोलायची, तेही दोन वाक्यांत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सेवेच्या मागे हेतू लपवला की रुग्णाला तो लगेच कळतो आणि विश्वास तुटतो. येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल तर स्वतः तंबू बनवून पोट भरत होता! वजनकाट्यावर खरं माप देणारा दुकानदार, शिकवणीला पैसे नसलेल्या पोराला संध्याकाळी गणित समजावणारी शिक्षिका अशी माणसं आमच्या चर्चच्या मंडळीत आजही आहेत. पुढच्या लेखासाठी त्यांना भेटा.