तरुण कर्मचारी आणि ‘८ सेकंदां’चा दावा : खुलासा

‘नव्या पिढीतील कर्मचाऱ्यांचे लक्ष जेमतेम ८ सेकंद, म्हणजे गोल्डफिशहूनही कमी टिकते, त्यांना मोठी कामे देऊ नयेत,’ असा संदेश व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हा आकडा मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५ च्या अहवालामुळे गाजला. मात्र तो कंपनीच्या पाहणीतला नव्हता, तर ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ या संकेतस्थळावरून घेतलेला होता, आणि २०१७ मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला तेव्हा तिथे नमूद केलेल्या संस्थांकडेही त्यामागचे संशोधन आढळले नाही. शिवाय तो सरसकट माणसांविषयी होता, केवळ तरुणांविषयी नव्हे. (गोल्डफिशचे ९ सेकंदही तितकेच निराधार.) कृपया हा संदेश पुढे पाठवू नये आणि त्याच्या आधारे तरुण सहकाऱ्यांना जबाबदारीची कामे नाकारू नयेत.