स्कॅनर लावण्याआधी

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. गॅरेजला नेण्याआधी मालकाने काही साध्या गोष्टी स्वतः बघाव्यात, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप असा की, सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण गाडी सुरू होत नाही, तेव्हा मालकाने काहीही बघू नये. स्कॅनर लावला की दोन मिनिटांत बिघाड कळतो, आणि मी लोकांना अर्धवट मिस्त्री बनवतोय. हे मला पटत नाही.

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जेवढं दिसतं तेवढंच त्याला जोडलेला स्कॅनर सांगतो. इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर गेला तर बहुतेकदा पी०३३५ हा बिघाडाचा कोड मिळतो, मान्य. पण टाकीतला पेट्रोल पंप बंद पडला तर कितीतरी गाड्यांत एकही कोड येत नाही, कारण इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच तिथे नसतो. मग अंदाजाने आधी प्लग बदलतात, मग कॉइल, आणि बिल मालकाच्या माथी. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद बारीक घरघर येते, ती ऐकायला कुठलंही यंत्र लागत नाही. आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) बघावा. आली म्हणून दाब पुरेसा आहेच असं नाही. तो दाब मोजणारं गेज लावूनच कळतो आणि ते काम गॅरेजचंच.

इंदूरला तर हे आवर्जून सांगायला हवं. इथे सीएनजीच्या गाड्या भरपूर. बऱ्याच किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते, म्हणून लोक टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात. पंप थंड राहतो तो त्याच पेट्रोलमुळे. टाकी सतत तळाशी ठेवली की पंप तापतो आणि एक दिवस बसतो. इंजिन जोमात फिरत असतानाही लोक बॅटरी बदलून येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा, दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी चावी लावून बघायला काय हरकत आहे? पावसाळ्यात बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एवढं तर कुणालाही दिसतं.

प्लग काढून करंट बघण्याचा उद्योग घरी करू नये, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात आणि आसपास पेट्रोलची वाफ असते. सेल्फसुद्धा एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं.

आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरतंय असं वाटलं तर पुन्हा चावी फिरवूच नये. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. हा आवाज स्कॅनर लावायच्या आधीचा असतो, आणि तो ऐकायला तिथे फक्त मालक असतो. तुमच्या रामबागेतल्या मिस्त्रींना फोनवर तो आवाज कसा होता, पंपाची घरघर आली की नाही आणि कुठला दिवा लागला होता, एवढं त्याने सांगावं. मग गाडी टो करून न्यावी.