देवीला लोणी फासू नका, ‘लोणी लावणे’ देवळातून आलेलं नाही

आमच्या आत्तींनी परवा इथं कोल्हापुरात गंगावेशीतून लोणी मागवलं. कशाला, तर शुक्रवारी अंबाबाईला लावायला! भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मजकूर त्यांनी मला दाखवला. तो असा: आपले पूर्वज मूर्तीवर लोण्याचे गोळे फेकून कृपा मागत, त्यावरून ‘लोणी लावणे’ आलं, इंग्रजांनी ‘बटर अप’ आपल्याकडूनच उचललं, तिबेटातही हीच प्रथा आहे, तेव्हा येत्या शुक्रवारी देवीला लोणी लावा आणि अकरा जणांना पाठवा.

शेवटचं आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथं आहे. अंबाबाईची मूर्ती झिजलेली आहे. २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिचं रासायनिक संवर्धन केलं, अभिषेकही उत्सवमूर्तीवर होतो. गाभाऱ्यात तुम्हाला कुणी सोडणार नाही, मान्य. पण बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या सुरसुंदरींना, म्हणजे अप्सरांच्या मूर्तींना, कुणाचाही हात पोचतो. दगडावर चोळलेलं लोणी कोरीवकामाच्या खाचेत बसतं, धूळ धरतं, खवट होतं, मुंग्या येतात. मग ते काढायला गरम पाणी आणि घासणं. दागिन्यांच्या रेषा, बोटांची पेरं अशीच पुसट होतात. भक्तीच्या नावाखाली हे करायला सांगणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता वाक्प्रचार. मूर्तीवर गोळे फेकण्यावरून तो आला असता तर आपण ‘लोणी फेकतो’ म्हणालो असतो. आपण ‘लावतो’. आणि देवावर उधळणं आपल्याला नवीन आहे का? चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा, अख्खा डोंगर गुलालानं माखतो, ‘चांगभलं’च्या गजरात खोबऱ्याचे तुकडे अंगावर पडतात. त्या गुलाल-खोबऱ्यातून खुशामतीचा एकही वाक्प्रचार निघालेला नाही. देवापाशी आपण नवस बोलतो, साकडं घालतो, गाऱ्हाणं मांडतो, कौल लावतो, वेळप्रसंगी त्याच्याशी भांडतोही. लोणी लावायचं ते साहेबाला, सासऱ्याला, तिकीट वाटणाऱ्या पुढाऱ्याला.

खुशामतीचे शब्द मुख्यतः दरबारातून आले. ‘खुशामत’ फारसी: खुश म्हणजे छान, आमद म्हणजे आगमन. आल्यागेल्याचं गोड बोलून स्वागत, त्यातून तोंडदेखली स्तुती. ‘मस्का’ही फारसी, अर्थ लोणीच. ‘मर्जी’ आणि ‘मिनतवारी’तली मिन्नत मूळच्या अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेल्या. आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला. मराठीत फारसीतून किती काय आलंय ते त्यात दिसतं. ग्रंथालयात जाऊन तो चाळायला एक दुपार पुरते, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कुणी तेवढीही घातलेली नाही.

अर्धं खरं आहे ते नाइलाजानं सांगतो. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात तांडव करणाऱ्या शिवाच्या आणि कालीच्या मूर्तींवर भाविक खरोखर लोण्याचे गोळे मारत. पण ते उग्र देवतेचा दाह शमावा म्हणून, गोड बोलून काम काढून घ्यायला नव्हे. तिथली प्रथा आपल्या वाक्प्रचाराला चिकटवायला काहीही आधार नाही. देवळातून खुशामतीच्या भाषेत आलेलं काही हवंच असेल तर ते मराठीत आहे: ‘आरत्या ओवाळणे’ आणि ‘तोंडपुजेपणा’. फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नाही.

इंग्रजांबद्दल फार लिहीत नाही. ‘बटर’ शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे त्यांच्याकडे गेला आणि पावाला लोणी फासायला त्यांना आपल्या देवळात यायची गरज नव्हती. राहिलं तिबेट. तिथं याकच्या लोण्यात रंग कालवून फुलं, देवता घडवतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला मठात मांडतात. कुणी कुणावर काही फेकत नाही.