गॉथांच्या उपासमारीबद्दलही लिहायला हवं होतं
एड्रियानोपलच्या (आजच्या तुर्कस्तानातलं एडिर्ने) लढाईवरचा लेख आवडला, पण इ.स. ३७८ मधल्या या रोमन पराभवाचं सगळं श्रेय गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या घोडदळाला देणं पटलं नाही. ३७६ मध्ये गॉथ डॅन्यूब नदी ओलांडून रोमन हद्दीत आले ते हूणांच्या धास्तीने, आणि पूर्व रोमन सम्राट व्हॅलेन्सच्या परवानगीने. पुढे लुपिसिनस आणि मॅक्सिमस या रोमन अधिकाऱ्यांनी त्यांच्या भुकेचा बाजार मांडला. त्याच काळातला इतिहासकार अमियानस, जो स्वतः रोमन सैन्यात होता, लिहितो की कुत्र्याच्या मांसाच्या बदल्यात गॉथांची माणसं गुलाम म्हणून घेतली गेली, त्यात सरदारांची मुलंही होती. वाचताना चीड येते! बंड पेटलं ते यातून. पुतण्या आणि पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन याची कुमक वाटेत असतानाही व्हॅलेन्सने ऑगस्टच्या उन्हात तहानलेलं सैन्य लढाईत लोटलं, आणि स्वतःही मारला गेला. पुढच्या भागात या अधिकाऱ्यांवर सविस्तर लिहाच.